स्थानकाची जमीन : सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रान्सबे प्रकल्पाचा धडा

शहराच्या मध्यवस्तीतील बसस्थानक अथवा रेल्वेस्थानक बहुधा सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर उभे असते. शहर वाढत जाते, तशी ही जागा सर्वांत मोलाची ठरते. मात्र तिचा वापर पूर्वीच्याच पद्धतीने होत राहतो. अशा जागेवर नवे स्थानक बांधताना त्याच्या जोडीने घरे, कार्यालये, दुकाने आणि उद्याने उभारावीत, जेणेकरून तेथे राहणाऱ्यांना व काम करणाऱ्यांना मोटारीवाचून वावरता येईल, या कल्पनेला नगररचनाशास्त्रात ‘वाहतूककेंद्री विकास’ म्हणतात. अमेरिकी नगररचनाकार पीटर कॅलथॉर्प यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द नेक्स्ट अमेरिकन मेट्रोपोलिस’ या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. स्थानकापासून पायी सुमारे दहा मिनिटांच्या अंतरात दाट आणि मिश्र वापराची वस्ती असावी, हे तिचे मुख्य सूत्र होय.

कल्पना आकर्षक असली, तरी तिच्या अंमलबजावणीत जमीन कोणाला, कोणत्या अटींवर आणि केव्हा द्यायची, हा प्रश्न निर्णायक ठरतो. सॅन फ्रान्सिस्कोचा ट्रान्सबे प्रकल्प हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

जुने टर्मिनल

सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणारा बे ब्रिज १९३६ मध्ये खुला झाला. त्याच्या खालच्या मजल्यावरून धावणाऱ्या विद्युत गाड्यांसाठी १९३९ च्या जानेवारीत मिशन स्ट्रीटवर ट्रान्सबे टर्मिनल सुरू झाले. पुढे मोटारींचे युग आले. १९५८ मध्ये पुलावरील रेल्वे बंद झाली, रूळ उखडले गेले आणि टर्मिनलचे रूपांतर बसस्थानकात झाले. प्रवासी घटत गेले, तशी इमारतीलाही अवकळा आली. प्रतीक्षालय हे बेघरांचे आश्रयस्थान बनले.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी झालेल्या लोमा प्रिएटा भूकंपाने या परिसराचे भवितव्य बदलले. टर्मिनलची इमारत भूकंपाच्या दृष्टीने कमकुवत असल्याचे स्पष्ट झाले, तर जवळचा एम्बार्कडेरो हा उन्नत महामार्ग इतका खिळखिळा झाला, की तो पाडावा लागला. महामार्ग आणि त्याचे जोडरस्ते हटल्यामुळे मध्यवस्तीला लागून राज्य शासनाच्या मालकीची सुमारे १२ एकर जमीन मोकळी झाली. दक्षिणेकडून येणारी कॅलट्रेन ही उपनगरी रेल्वे मध्यवस्तीच्या अलीकडेच, सुमारे दोन किलोमीटरवर थांबत असे. ती नव्या टर्मिनलपर्यंत आणावी, असा कौल शहरातील मतदारांनी १९९९ मध्ये दिला. २००१ मध्ये शहर आणि संबंधित वाहतूक संस्थांचे संयुक्त प्राधिकरण स्थापन झाले.

जमिनीतून पैसा

प्रकल्पाचे आर्थिक गणित जमिनीवर बेतलेले होते. २००३ च्या करारानुसार राज्याने आपली जमीन शहर व प्राधिकरण यांच्याकडे सोपविण्याचे मान्य केले. मात्र तिच्या विक्रीचे उत्पन्न टर्मिनलच्याच कामी लावावे, अशी अट घातली. या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्यानंतर मालमत्ता करात होणारी वाढही प्रकल्पाकडे वळविण्यात आली. याखेरीज, पुनर्विकास क्षेत्रात बांधल्या जाणाऱ्या एकूण घरांपैकी किमान ३५ टक्के घरे परवडणाऱ्या दरांत असलीच पाहिजेत, असे बंधन राज्याने कायद्यानेच घातले.

२०१२ मध्ये शहराने टर्मिनलच्या परिसरासाठी स्वतंत्र विकास आराखडा मंजूर केला. स्थानकाजवळ उंच इमारतींना परवानगी देण्यात आली. त्या बदल्यात विकासकांवर शुल्क आणि विशेष कर बसविण्यात आला. सार्वजनिक गुंतवणुकीमुळे खासगी जमिनीचे मोल वाढते. त्या वाढीचा काही भाग पुन्हा सार्वजनिक तिजोरीत यावा, हे तत्त्व त्यामागे होते.

मंदीचा फटका

बाजारभावावर अवलंबून असलेले हे गणित किती नाजूक असते, याचा प्रत्यय लवकरच आला. टर्मिनलशेजारच्या मनोऱ्याच्या जागेसाठी २००७ च्या स्पर्धेत हाइन्स या विकासक कंपनीने ३५ कोटी डॉलर देऊ केले होते. पाठोपाठ जागतिक मंदी आली. २०१३ मध्ये व्यवहार प्रत्यक्षात पूर्ण झाला, तेव्हा या जागेचे सुमारे १९ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्याच जागेवर १,०७० फूट उंचीचा, ६१ मजली सेल्सफोर्स टॉवर उभा राहिला आणि २०१८ मध्ये खुला झाला. शहरातील सर्वांत उंच इमारत हा मान आज त्याच्याकडे आहे. जमीन एकदा विकल्यानंतर तिच्या पुढील मूल्यवृद्धीवर विक्रेत्याचा फारसा हक्क उरत नाही. म्हणूनच कायमची विक्री करावी की दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकल्पात उपस्थित होतो.

दुसरीकडे खर्च वाढतच गेला. रेल्वेसाठीच्या तळघरासह पहिल्या टप्प्याचा अंदाज सुमारे १५९ कोटी डॉलरचा होता. तो अखेरीस सुमारे २२६ कोटींवर गेला. २०१६ मध्ये काम अडू नये म्हणून २६ कोटी डॉलरपर्यंतच्या तात्पुरत्या कर्जाची तरतूद करावी लागली. २०१७ मध्ये स्थानकाच्या नामकरणाचे हक्क सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीला २५ वर्षांसाठी ११ कोटी डॉलरना देण्यात आले.

नवे स्थानक

जुने टर्मिनल ऑगस्ट २०१० मध्ये बंद झाले. बांधकामाच्या काळात बस जवळच्याच तात्पुरत्या स्थानकातून सुटत होत्या. वास्तुविशारद पेल्ली क्लार्क पेल्ली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले नवे स्थानक ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरील बस फलाटावरून गाड्या स्वतंत्र उन्नत मार्गाने थेट बे ब्रिजवर जातात. रस्त्यावरील कोंडीत त्या सापडत नाहीत. छतावर ५.४ एकरांचे उद्यान असून ते सर्वांना विनामूल्य खुले आहे.

उद्घाटनानंतर दीड महिन्यातच, २५ सप्टेंबर २०१८ रोजी, फ्रीमाँट स्ट्रीटवरील भागात दोन पोलादी तुळयांना तडे गेल्याचे आढळले आणि स्थानक बंद करावे लागले. तुळयांमध्ये कापलेल्या छिद्रांच्या कडेला राहिलेले सूक्ष्म तडे वाढत गेल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. मजबुतीकरणानंतर १ जुलै २०१९ रोजी स्थानक पुन्हा उघडले. पुलापलीकडे जाणाऱ्या बस ऑगस्टमध्ये परतल्या. तोपर्यंत तात्पुरते स्थानकच प्रवाशांच्या कामी आले. पर्यायी जागा घाईने मोडीत काढू नये, हा व्यावहारिक बोध यातून मिळाला.

रिकामे तळघर

या प्रकल्पातील सर्वांत मोठी उणीव मात्र जमिनीखाली आहे. रेल्वेसाठीचे भूमिगत दालन आधीच बांधता यावे, म्हणून केंद्र सरकारने २०१० मध्ये ४० कोटी डॉलर दिले. दालन तयार झाले. परंतु तेथपर्यंत येणारा बोगदा झाला नाही. ज्या रेल्वेसाठी मतदारांनी १९९९ मध्ये कौल दिला, तिची एकही गाडी येथे आलेली नाही. २०२४ मध्ये कॅलट्रेनची विद्युतीकृत सेवा सुरू झाली, तीही जुन्याच अंतिम स्थानकापर्यंत. बोगद्याच्या कामाचा खर्च सव्वाआठशे कोटी डॉलरच्या घरात आहे. मे २०२४ मध्ये केंद्रीय यंत्रणेने प्रकल्पाला अभियांत्रिकी टप्प्यात प्रवेश देताना त्यापैकी सुमारे ३४० कोटींची तयारी दर्शविली. उर्वरित रक्कम अन्य मार्गांनी उभारणे भाग आहे.

तोवर परिस्थितीही पालटली आहे. २०२० च्या करोना साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली. २०२३ मध्ये शहरातील तीस टक्क्यांहून अधिक कार्यालयीन जागा रिकामी होती. साहजिकच पुलापलीकडून येणाऱ्या बसच्या प्रवाशांतही मोठी घट झाली. कार्यालयीन मनोऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या स्थानक परिसराला यातून इशारा मिळतो. घरे, दुकाने, उद्याने आणि कार्यालये यांचा खरा समतोल असेल, तरच एका क्षेत्रातील मंदी संपूर्ण परिसराला ओस पाडत नाही.

अटींचे महत्त्व

घरांच्या बाबतीतील अनुभव वेगळा आहे. पूर्वीच्या महामार्गाच्या जमिनीवर २०१३ मध्ये ‘रेने काझनाव अपार्टमेंट्स’ ही १२० घरांची इमारत पूर्वी बेघर असलेल्यांसाठी उभी राहिली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभरातील पुनर्विकास संस्थाच बरखास्त केल्या; तरीही ट्रान्सबेची ३५ टक्के घरांची अट आणि वाढीव कराचा निधी कायम राहिला, कारण ही बंधने कायद्यात व करारात नोंदलेली होती. मंदी आली, खर्च वाढला, यंत्रणा बदलल्या. लेखी अटी मात्र टिकल्या. याउलट, पुढच्या टप्प्यात पाहू म्हणून बाजूला ठेवलेला बोगदा कौलानंतर पाव शतक उलटूनही झालेला नाही.

सार्वजनिक स्थानकाचा पुनर्विकास यशस्वी झाला की नाही, हे मनोऱ्याच्या उंचीवरून ठरत नाही. प्रवाशाला गाडी मिळाली का, अल्प उत्पन्न गटाला स्थानकाजवळ घर मिळाले का, आणि जमिनीच्या वाढत्या मोलातील वाटा शहराकडे आला का, या तीन कसोट्या त्यासाठी लावाव्या लागतात. ट्रान्सबे यांपैकी दुसऱ्या कसोटीवर बऱ्याच अंशी व तिसऱ्या कसोटीवर काही अंशी उतरतो. पहिल्या कसोटीवर बसच्या प्रवाशाला न्याय मिळाला असला, तरी रेल्वेचा प्रवासी अद्याप दोन किलोमीटर अलीकडेच उतरतो.