बीडचा मध कोणत्या दप्तरात शोधायचा?

समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातल्या मधाचा इतिहास हा विषय घेतलाय. पहिली अडचण नावांची. गावात मध माशीवरून ओळखतात: आग्या, सातेरी, फुलोरी. चरकसंहितेत मधाचे प्रकार चार, सुश्रुतसंहितेत आठ. मग 'क्षौद्र म्हणजे सातेरीचा मध' असं लिहून टाकायचा मोह होतो. तो टाळा. या याद्या वेगळ्या काळातल्या, वेगळ्या कामासाठी केलेल्या आहेत.

दुसरी अडचण दप्तराची. महाबळेश्वरला मधोद्योगाचं सरकारी काम 1940च्या दशकात सुरू झालं, पण ते मुंबई प्रांतात. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि मुंबई राज्यात आलं 1956ला. त्यामुळे मुंबईच्या कागदांत बीड दिसलं नाही म्हणून 'इथे मध नव्हताच' असं म्हणता येत नाही. हैदराबादचे उर्दू कागद बघावे लागतात.

तिसरी अडचण आजच्या शब्दांची. मध तापवू नये, हे चरकातही आहे. 'सेंद्रिय' ही कल्पना मात्र रासायनिक शेतीनंतरची. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते. वाटेत फवारलेली कपाशी असेल तर बाटलीवरचं लेबल काय सांगणार?

आता गुणांचं बघा. खोकल्याला मधाने आराम पडतो, हे आजच्या चाचण्यांतही दिसतं. पण बाळाला मध चाटवायची चाल जुनी असली, तरी एक वर्षाच्या आत मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात, कारण बोटुलिझमचा धोका. म्हणून जुना ग्रंथ लोक काय मानत होते याचा पुरावा म्हणून वापरा. मधाच्या गुणाचा पुरावा वेगळा शोधा.