चार इंचांचा गळा

साल १७९६, शहर लंडन. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजायचं, पाठ गारठायची. कारण चिमणीचा गळा इतका रुंद, की धुराबरोबर खोलीतली गरम हवाही वर ओढली जायची. तिच्या जागी दाराच्या फटींतून गार वारा आत! आग वाढवली की ओढ आणखी वाढणार. आमच्या भाषेत फीडबॅक लूप.

काउंट रमफर्डने शेगडी नाही बदलली. गळा बांधून ४ इंचांवर आणला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या. पूर्ण बंद मात्र नाही, नाहीतर धूर घरात.

पण काजळी काढायला चिमणीत लहान मुलं चढायची. ती या गळ्यातून जाणार कशी? म्हणून मागच्या भिंतीत काढता येणारा दगड ठेवायचा. मुलांना चढवणं खऱ्या अर्थाने थांबलं ते १८७५च्या कायद्यानंतर.