रूट लोकस आणि ओपन लूप ट्रान्सफर फंक्शन

रूट लोकस : नियंत्रण अभियांत्रिकीतील एक आलेखपद्धती. गेन (प्रवर्धनाचा गुणक) शून्यापासून वाढवत नेला असता प्रणालीचे क्लोज्ड लूप पोल, म्हणजे प्रतिपोषण जोडलेल्या प्रणालीच्या ट्रान्सफर फंक्शनमधील छेदाची मुळे, संमिश्र प्रतलावर ज्या वाटेने सरकतात, तो बिंदुपथ म्हणजे रूट लोकस. अमेरिकन अभियंता वॉल्टर इव्हान्स यांनी ही पद्धती १९४८ मध्ये मांडली. भारतात आय. जे. नागरथ आणि आयआयटी दिल्लीचे एम. गोपाल यांचे ‘कंट्रोल सिस्टम्स इंजिनिअरिंग’ हे पाठ्यपुस्तक, तसेच गोपाल यांची एनपीटीईएलवरील व्याख्याने, यांतून अनेक विद्यार्थ्यांना तिची ओळख झाली.

शोध क्लोज्ड लूप पोलचा असताना आकडेमोड ओपन लूपवर का करायची, याचे उत्तर अवयवांत आहे. ओपन लूप फंक्शन मोटर, गिअर, संवेदक अशा घटकांच्या गुणाकारातून बनते. म्हणून त्याचे पोल आणि झीरो (अंशाची मुळे) आयते हाती असतात. पुढच्या मार्गाचे फंक्शन जी आणि प्रतिपोषण मार्गाचे एच मानले, तर ओपन लूप फंक्शन म्हणजे जीएच. लूप बंद होताच छेदात १ + जीएच ही बेरीज येते, अवयव हरवतात आणि गेन बदलला की समीकरण नव्याने सोडवावे लागते. इव्हान्स यांनी १ + जीएच = ० हेच समीकरण जीएच = −१ असे वाचले. मग ज्या बिंदूवर जीएचचा कोन १८०° च्या विषम पटीत येतो तो पथावर, आणि तिथला गेन निव्वळ अंतरांच्या गुणाकार-भागाकारावरून निघतो. समजा ओपन लूप पोल ०, −१ आणि −२ वर आहेत आणि झीरो एकही नाही. दोन शाखा −०.४२ पाशी वास्तव अक्ष सोडतात आणि गेन ६ होताच ±१.४१ वर काल्पनिक अक्ष ओलांडतात. त्यापुढे प्रणाली अस्थिर.

संगणक क्षणात मुळे काढतो, मग हे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण संगणक मुळे कुठे आहेत एवढेच सांगतो. नवा झीरो कुठे ठेवला तर शाखा डावीकडे वळतील, हे पथ पाहून कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जीचा पोल एचच्या झीरोने छेदला गेला, तर तो जीएचमधून नाहीसा होतो, क्लोज्ड लूपमध्ये मात्र टिकतो. हा दोष पद्धतीचा नव्हे, घाईने केलेल्या संक्षेपाचा आहे. असा पोल वेगळा नोंदवून ठेवावा. घाईतली आणखी एक चूक : आलेखासाठी संगणकाला ओपन लूपऐवजी क्लोज्ड लूप फंक्शन दिले, तर त्याच प्रणालीभोवती आणखी एक लूप गृहीत धरला जातो आणि आलेख भलत्याच यंत्राचा निघतो.