भारतातील फार्मसीच्या पहिल्या वर्गाचा इतिहास

१/ फार्मसीची पदवी घेतलेल्या तरुणापुढे आज कंपनी, दुकान, इस्पितळ आणि अध्यापन असे अनेक मार्ग असतात. त्यांपैकी अध्यापनाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. वस्तुतः भारतात या व्यवसायाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती एका अध्यापकाच्या वर्गातून. त्या वर्गाची ही हकिकत.

२/ ब्रिटिश अमदानीत डॉक्टर औषध लिहून देत आणि ते बनवून देण्याचे काम कंपाउंडर करी. खलात भुकटी घोटणे, मिक्श्चर बाटलीत भरणे, मात्रा कळावी म्हणून बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवणे, ही सारी विद्या तो दवाखान्यात हाताखाली राहून शिके. मद्रास मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकातच औषधविक्रेत्यांसाठी वर्ग निघाले होते. परंतु या विषयाची पदवी देणारे एकही विद्यापीठ देशात नव्हते.

३/ या उणिवेची किंमत रुग्ण मोजत होते. भेसळीची आणि कमी प्रतीची औषधे बाजारात सर्रास खपत. हिवतापावरील क्विनीनही यातून सुटले नव्हते. बाटलीतील औषध खरे की खोटे, हे तपासू शकणारा शिक्षित वर्गच अस्तित्वात नव्हता.

४/ १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. पुढल्याच वर्षी तिचा अहवाल आला. औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा करावा आणि फार्मसीच्या शिक्षणाची रीतसर सोय व्हावी, असे दोन्ही मुद्दे त्यात होते. कायदा कागदावर उतरवता येतो. शिक्षक कोठून आणायचा?

५/ हा प्रश्न बनारसमध्ये सुटला. महादेव लाल श्रॉफ यांचा जन्म १९०२ सालचा, बिहारमधील दरभंग्याचा. तरुणपणी ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थांत शिकले. त्यांचे शिक्षण मुख्यतः रसायनशास्त्राच्या अंगाने झालेले होते. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या काशी हिंदू विद्यापीठात त्यांनी फार्मसीच्या शिक्षणाचा पाया घातला.

६/ त्या काळी रसायनशास्त्रज्ञाला कारखान्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. प्रफुल्लचंद्र रे यांची बेंगॉल केमिकल कंपनी १९०१ पासून, तर बडोद्याची अलेंबिक १९०७ पासून चालू होती. मुंबईत १९३५ साली सिप्लाची स्थापना झाली. अशा दिवसांत जो विषय विद्यापीठात मुळातच नव्हता, तो शिकवण्याचा मार्ग श्रॉफ यांनी पत्करला.

७/ त्यांनी एकदम पदवीचा आग्रह धरला नाही. १९३२ मध्ये बी.एस्सी.साठी औषधी रसायनशास्त्र हा विषय आला. पुढे औषधे तयार करण्याचे शास्त्र आणि फार्माकोग्नॉसी, म्हणजे वनस्पतिज व प्राणिज औषधद्रव्यांची पारख, यांची त्यास जोड मिळाली. १९३७ मध्ये तीन वर्षांचा बी.फार्म. अभ्यासक्रम सुरू झाला. भारतातील तो पहिलाच.

८/ या क्रमामागे एक व्यवहार होता. नव्या विषयाला आधी शिक्षक हवेत आणि शिक्षक घडण्यासाठी आधी तो विषय हवा. श्रॉफ यांनी जुन्या, प्रतिष्ठित पदवीच्या आश्रयाने नवा विषय रुजवला. त्या वर्गांतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे अन्यत्र शिकवू लागले, तेव्हाच हे कोडे सुटले.

९/ वर्गाबाहेरही बरेच उभारायचे होते. १९३५ साली संयुक्त प्रांतात औषधव्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. तिचेच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाले. १९३९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ हे नियतकालिक श्रॉफ यांच्या संपादनाखाली निघाले. एकाकी शिक्षकाला बरोबरीचे लोक मिळावेत, त्याचे संशोधन कोणीतरी वाचावे, यासाठी ही दोन्ही साधने आवश्यक होती.

१०/ कायदे त्यानंतर आले. औषधांविषयीचा कायदा १९४० मध्ये आणि फार्मसी कायदा १९४८ मध्ये झाला. १९४९ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, शिक्षणाचे पहिले नियम १९५३ चे आणि स्वतंत्र भारताच्या औषधसंहितेची पहिली आवृत्ती १९५५ ची. बनारसचा वर्ग यांतील प्रत्येकाच्या आधीचा.

११/ पश्चिम भारतातही असाच क्रम दिसतो. बडोद्यात कलाभवन उभारणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पुढे मुंबईत गिरगावात त्यांनी प्रयोगशाळा काढली. अलेंबिकची उभारणी त्यांच्यासह त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांनी केली. कारखान्याच्या आधी तेथेही गुरूची प्रयोगशाळा होती.

१२/ आज अध्यापनाकडे वळणाऱ्याची वाट आखलेली आहे. शिक्षकांच्या पात्रतेविषयीचे २०१४ चे नियम सहायक प्राध्यापकासाठी बी.फार्म.सोबत एम.फार्म.ची अपेक्षा करतात. त्या निकषावर खुद्द श्रॉफ यांची निवड होणे कठीण होते. यात नियमांचा दोष नाही: ज्या पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या, त्या देशात मिळू लागल्या, हेच त्यांच्या कामाचे फलित.

१३/ श्रॉफ यांचा जन्मदिवस, ६ मार्च, आता राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. औषधांच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची आणि कारखानदारांची नावे ठळकपणे येतात. गोळीच्या वेष्टनावरील अक्षरे वाचून तिचा अर्थ रुग्णाला सांगणारा माणूस कोणी घडवला, हे विचारले की मात्र बनारसच्या त्या वर्गापर्यंत जावे लागते.