पूर्वस्थापित आज्ञावली व मूलस्थापना

संगणक ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच निर्मात्याने त्यात बसविलेल्या आज्ञावलींना पूर्वस्थापित आज्ञावली म्हणतात. संगणक कारखान्यातून बाहेर पडताना ज्या स्थितीत होता त्या स्थितीत तो पुन्हा आणणे म्हणजे मूलस्थापना होय. व्यवहारात नको असलेल्या आज्ञावली काढण्याचा उपाय म्हणून मूलस्थापना केली जाते. परंतु या दोन क्रिया अनेकदा परस्परविरोधी ठरतात. आज्ञावली काढताना ग्राहकाची निवड अंमलात येते, तर मूलस्थापनेने निर्मात्याची निवड पुन्हा प्रस्थापित होते.

प्रारंभीच्या मोठ्या संगणकांबरोबर आज्ञावली वेगळी किंमत न लावता देत असत. आयबीएम कंपनीने जून १९६९ मध्ये त्यांची स्वतंत्र आकारणी करण्याचे जाहीर केले व आज्ञावलींच्या स्वतंत्र व्यापारास चालना मिळाली. वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर मात्र परिचालन प्रणाली यंत्रातच बसवून विकण्याची पद्धत रूढ झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या काही करारांनुसार निर्मात्यास, विकलेल्या संगणकात तिची प्रणाली असो वा नसो, प्रत्येक संगणकामागे शुल्क द्यावे लागे. अमेरिकेच्या न्याय विभागाशी १९९४ मध्ये झालेल्या समझोत्याने या पद्धतीस प्रतिबंध झाला. याच कंपनीविरुद्ध १९९८ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात, परिचालन प्रणालीशी जोडलेला जालदर्शक हा वादाचा प्रमुख विषय होता. २००१ मधील समझोत्याने निर्माते व ग्राहक यांना तो दृष्टीआड करण्याची मुभा मिळाली. तो मुळातून काढण्याचे बंधन कंपनीवर आले नाही.

लॅपटॉपच्या किंमतींत स्पर्धा वाढल्यावर निर्माते इतरांच्या आज्ञावलींच्या मर्यादित मुदतीच्या नमुना-आवृत्त्या मोबदला घेऊन आधीच बसवू लागले. त्या स्मृती व्यापतात आणि यंत्राचा वेग कमी करतात. यात सुरक्षिततेचाही प्रश्न असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत बसविलेली सुपरफिश ही जाहिरात-आज्ञावली स्वतःचे प्रमाणपत्र यंत्रात घालून सांकेतिक संदेशवहनात हस्तक्षेप करीत असे. केवळ आज्ञावली काढल्याने ते प्रमाणपत्र जात नसे. ते वेगळे काढावे लागे.

मूलस्थापनेची साधनेही याच काळात बदलत गेली. प्रथम यंत्राबरोबर चकत्या मिळत. पुढे खर्च वाचविण्यासाठी निर्माते स्थिर चकतीचाच एक भाग राखून त्यात मूळ प्रत ठेवू लागले. त्या प्रतीत नमुना-आवृत्त्याही असल्यामुळे काढलेल्या आज्ञावली मूलस्थापनेनंतर परत येत. विंडोज ८ या प्रणालीत २०१२ मध्ये ग्राहकाच्या फाइली राखून वा पुसून पुनःस्थापना करण्याची सोय झाली. विंडोज १० मध्ये (२०१५) वेगळ्या प्रतीची गरज उरली नाही, तरी निर्मात्याने घातलेल्या आज्ञावली पुन्हा बसविण्याची तरतूद राहिली.

या प्रश्नाची वेगळी बाजू मावळाच्या पश्चिमेस, सह्याद्रीखाली आढळते. लोणावळ्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग बोरघाट उतरून जेथे पोहोचतो, त्या कर्जत तालुक्यातील (रायगड जिल्हा) खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग सुरू झाला. आदल्या वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा प्रकल्प स्वीकारण्यास नकार दिला होता. सुमारे वीस मुलांना ‘एक्सओ’ यंत्रे देण्यात आली. त्यांतील पूर्वस्थापित आज्ञावली मुक्त परवान्याच्या होत्या. शुगर हा त्यांचा दर्शनी भाग खास मुलांसाठी रचलेला होता.

एक्सओ या यंत्रात पुनःस्थापनेचे दोन मार्ग होते. प्रणालीचे नूतनीकरण करताना आधीची आवृत्ती राखली जाई व सुरू करतेवेळी ठराविक कळ दाबून तिच्याकडे परतता येई. त्यात मुलाचे काम सुरक्षित राहत असे. संपूर्ण मूलस्थापनेत मात्र ‘रोजनिशी’ही पुसली जाई. मुलाने काढलेली चित्रे, लिहिलेला मजकूर व घेतलेली छायाचित्रे यांची नोंद या रोजनिशीत होत असे. यंत्राची स्मृती केवळ एक गिगाबाइट होती. त्यामुळे काम अन्यत्र उतरवून ठेवणे महत्त्वाचे होते. यंत्रास कुलूप असल्यास मान्यताप्राप्त प्रणालीखेरीज दुसरी बसविण्यासाठी विशेष किल्ली मागवावी लागे. अशा रीतीने मुक्त परवान्याच्या आज्ञावली असलेल्या यंत्रातही ‘मूळ’ स्थिती कोणती, हे ठरविण्याचा पहिला अधिकार यंत्र पुरविणाऱ्याकडेच होता.

निर्मात्याची प्रत पुन्हा मिळू शकते. वापरणाऱ्याचे काम एकदा पुसले गेले, की त्याची दुसरी प्रत सहसा कोठेही नसते. म्हणून मूलस्थापनेपूर्वी आपल्या फाइली बाहेर उतरवून घेणे आवश्यक असते. नंतर परत आलेल्या अनावश्यक आज्ञावली एकेक करून काढाव्या लागतात. निर्मात्याच्या भरीशिवाय केवळ परिचालन प्रणाली नव्याने बसविणे हा त्याहून निर्णायक मार्ग होय.