खेकडा सावकार आणि मंडळी

राक्षस मारण्याच्या आधुनिक धंद्याची सुरुवात एका विमा कंपनीतल्या नोकरदाराने केली, हे मी शाखेत चहाच्या वेळी सांगितले तेव्हा आमच्या हेडकॅशियरांना त्याचे जराही नवल वाटले नाही. "विमावालाच असणार," ते म्हणाले, "आधी भीती घालायची, मग हप्ता घ्यायचा." गृहस्थ थोडे कडवट आहेत. त्यांची पॉलिसी नुकतीच मॅच्युअर झाली आहे.

पण गोष्ट अस्सल आहे. गॅरी गायगॅक्स हा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावचा. पेशाने अंडररायटर, म्हणजे दुसऱ्याच्या जिवाला आणि मालाला किती धोका आहे, हे आपण खुर्चीत सुरक्षित बसून ठरवायचे. १९७० साली ही खुर्ची गेली आणि हा सद्गृहस्थ घरी जोडे शिवू-सांधू लागला. उरल्या वेळात शिशाचे सैनिक टेबलावर मांडून लढाया. तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने अशाच लढाईत एक बदल केला होता. अख्खी फौज हलवण्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकच माणूस व्हायचे आणि किल्ल्याच्या तळघरात उतरायचे. दोघांचे डोके एकत्र आले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, छापल्या हजार प्रती. वर्ष सरायच्या आत त्या संपल्या.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. एकाने गोष्ट सांगायची, "समोर दार आहे, आतून घुरघुर ऐकू येते." बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचे. जमले की फसले ते फासा ठरवणार. फासाही वीस बाजूंचा! शकुनीमामांनी हा फासा पाहिला असता तर द्यूत एका पर्वात आटोपले नसते.

मला मात्र भावला तो हिशेब. राक्षस मारल्याचे गुण मिळत हे खरे, पण भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक मोहरेमागेही एक गुण मिळे. गुण साठले की वरची लेव्हल. आता मला सांगा, 'जास्तीत जास्त ठेवी गोळा करा आणि बढती मिळवा' हे परिपत्रक याहून वेगळे काय सांगते? फरक इतकाच की त्यांना ठेवी राक्षसाकडून आणायच्या असत आणि आम्हाला सोसायटीच्या चेअरमनकडून.

हा खेळ कॉम्प्युटरवर चढायला फार दिवस लागले नाहीत. इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची यंत्रणा होती, विद्यार्थ्यांना पाठ शिकवण्यासाठी उभारलेली. १९७५ साली रस्टी रुदरफोर्ड याने तिच्यात गुपचूप एक भुयार खोदले. वरिष्ठांच्या नजरेत भरू नये म्हणून खेळाचे नाव 'पेडिट-५' असे ठेवले. म्हणजे वाचणाऱ्याला झोपच यावी. तरी वरिष्ठांना पत्ता लागायचा, ते खेळ पुसून टाकायचे आणि तो पुन्हा उगवायचा. या माणसाविषयी मला बंधुभाव वाटतो. एका साहेबांच्या कॉम्प्युटरवर 'थकबाकी-अंतिम-२' या नावाची फाइल मी स्वतः पाहिली आहे. ती उघडली की पत्ते पिसले जातात.

पुढे टेक्ससमध्ये रिचर्ड गॅरियट नावाचा शाळकरी पोरगा निघाला. १९७९ साली कॉम्प्युटरच्या दुकानात सुटीतली नोकरी करता करता त्याने स्वतःचा खेळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकला आणि १९८१ पासून 'अल्टिमा' ही मालिका काढली. पहिल्या तीन भागांत रीतीप्रमाणे मारामारी, लुटालूट. मग पालकांची पत्रे येऊ लागली. त्यावर त्याने १९८५ साली जो चौथा भाग काढला, त्याच्या शेवटी मारायला कोणी दुष्टच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, अब्रू, अध्यात्म आणि नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचे. होय, अवतार. आपलाच शब्द. त्याच सुमाराला तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेला आणि आज भाचा मला विचारतो, "मामा, अवतार म्हणजे काय माहितीये का तुला? स्क्रीनवर आपण असतो ना, तो." दशावतारांचे नाटक मांडीवर बसवून दाखवलेल्या मामाला!

या चौथ्या भागात मंत्रासाठी लागणाऱ्या जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते. पैसे आपण मोजून ठेवायचे. कमी ठेवले तर ती ओरडत नाही, शिपाई येत नाही, काहीच होत नाही. फक्त कुठेतरी आत प्रामाणिकपणाच्या खात्यातून वजावट होते आणि फार पुढे, अवतार व्हायची वेळ आली की खाते अपुरे निघते. कॅशच्या पिंजऱ्यात बसलेल्या माणसाला हे पाहून काय वाटते ते सांगता येणार नाही. आम्ही रात्री आठपर्यंत बसून तेरा रुपयांचा फरक शोधतो तो कोणाच्या भीतीने नव्हे, हे लोकांना पटवता पटवता पिढ्या गेल्या; त्या पोराने एका आंधळ्या बाईत ते सांगितले.

जपान्यांनी १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला. त्या काडतुसात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. म्हणून खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा 'संजीवनी मंत्र' द्यायचा. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. त्यांच्या लिपीतली 'नु' आणि 'मे' ही अक्षरे शेपटीच्या एका वेटोळ्यापुरती वेगळी. वेटोळे चुकले की आठवडाभराची मेहनत बुडाली. एका पिढीच्या जपानी पोरांना नक्कल करताना ताडून पाहायची सवय लागली ती यामुळे, असा माझा तर्क आहे. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ या दिवशी, बुधवारी आला. पोरांनी शाळा बुडवून दुकानांसमोर रांगा लावल्या. पुढचे भाग सुटीच्या दिवशी काढायचे ठरले. सरकारने तसा कायदा केला असे लोक सांगतात, ती थाप आहे. कायदा झालाच नाही. कंपनीलाच शहाणपण सुचले.

आता माझ्या खास प्रांतात येतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने १९९६ साली 'डॅगरफॉल' काढला. त्यात चक्क बँका होत्या! ठेवा, काढा, घर घ्या, कर्ज घ्या. मोहरांना वजन होते, म्हणून दूरच्या प्रवासाला निघताना बँकेकडून हुंडी घ्यायची सोय होती. कर्ज बुडवले तर त्या प्रांतात तुमची पत जाई. पण प्रांतोप्रांतीचे खाते वेगळे, त्यामुळे एका प्रांतात कर्ज बुडवून दुसऱ्या प्रांतात नव्याने मागायला मोकळे. काल्पनिक म्हणतात तो खेळ हाच का, असा प्रश्न मला पडला.

पण पुढचा भाग 'मोरोविंड' २००२ साली आला आणि बँका गायब! परिणाम व्हायचा तोच झाला. वीराकडे हजारो मोहरांच्या तलवारी आणि दुकानदाराच्या गल्ल्यात चार-पाचशे. सगळ्या बेटावर सर्वांत जास्त रोकड कोणाकडे? समुद्रकाठी एकांतात राहणाऱ्या, बोलणाऱ्या एका खेकड्याकडे. दहा हजार मोहरा, रोजच्या रोज नव्या, आणि माल पूर्ण किमतीला घेणार. तारण नाही, केवायसी नाही. संघटित बँका उठल्या की ग्रामीण भागात खेकडे सावकारी करतात, हे अर्थशास्त्राच्या पेपरात मी दहा मार्कांसाठी लिहिले होते. उदाहरण तेवढे नव्हते.

२०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तर सोन्याला वजनच उरले नाही. चिलखताला वजन, कोबीला वजन, लाख मोहरांना शून्य! मी सुट्या नाण्यांची पोती उचलून पाठीला पट्टा लावलेला माणूस. वाण्याकडे साडेसातशे मोहरा, संपल्या की अठ्ठेचाळीस तास थांबा. ड्रॅगनची हाडे खांद्यावर घेऊन वीर बाकावर बसून राहतो. आमच्याकडे एटीएमबाहेर बसतात तसा.

मात्र 'मोरोविंड'बरोबर कंपनीने एक गोष्ट फार मोठ्या मनाची केली. ज्या अवजारांनी खेळ रचला त्यांचा संच तबकडीवर गिऱ्हाइकाला देऊन टाकला. घ्या, तुम्हाला हवे ते बदला. याला मॉड म्हणतात. आपल्याकडे याला क्षेपक म्हणत. ज्ञानेश्वरीत लोकांनी इतक्या पदरच्या ओव्या घातल्या की १५८४ साली एकनाथांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. इथे एकनाथ नाही, त्यामुळे क्षेपकांना ऊत आला. कोणी घरे बांधली, कोणी नवे प्रांत जोडले, कोणी ड्रॅगनच्या जागी थॉमस नावाचे निळे आगगाडीचे इंजिन उडवले. ते शिट्टी देत आगही ओकते. कंपनीने ठेवलेल्या शेकडो चुका गिऱ्हाइकांनी स्वतःच दुरुस्त केल्या. खातेदारांनी येऊन आमचे बॅलन्स जुळवून द्यावे, असला हा प्रकार.

मॉड पुष्कळ झाले की एकमेकांत भांडतात. मग त्यांचा क्रम लावावा लागतो आणि शेवटी येणाऱ्याचे खरे धरले जाते. हे शिकायला भाच्याला महिना लागला. मला पाच मिनिटे. परिपत्रकांचे तेच असते. जास्तीत जास्त २५५ जोडता येत, एवढीच काय ती मर्यादा. ती आमच्या मुख्य कचेरीला कोणी घातली तर बरे.

हे सगळे काम लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट करत. मग २३ एप्रिल २०१५ रोजी बेथेस्डाने आणि दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केले, की मॉड विकता येतील. शंभरातले तीस दुकानाचे, पंचेचाळीस बेथेस्डाचे आणि पंचवीस करणाऱ्याचे. गदारोळ उसळला. लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज झाला. एक मासेमारीचा मॉड विक्रीतून मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या हालचाली दुसऱ्याच कोणाच्या कामावर बेतल्या होत्या. चौथ्या दिवशी, २७ एप्रिलला, योजना गुंडाळली आणि पैसे परत केले. ओरडणाऱ्यांत फुकटचे बंद होईल म्हणून ओरडणारेही होते, हे नोंदवले पाहिजे. करणाऱ्याला शून्य मिळत होते तोवर सगळे सुखी होते, पंचवीस मिळणार म्हटल्यावर दंगल. तरीही पंचवीस हा आकडा मला खटकतोच. आमच्याकडचा अडत्यासुद्धा शेतकऱ्याला इतके कमी द्यायला लाजेल. निदान आधी घसा खाकरेल.

फुकटचे काम कधी कधी फळतेही. ऑस्ट्रेलियातल्या निक पिअर्स नावाच्या वकिलाने 'द फर्गॉटन सिटी' हा मॉड २०१५ साली केला. त्याच्या लिखाणाला २०१६ साली तिथल्या लेखक संघाचा पुरस्कार मिळाला, वकिली सुटली आणि २०२१ साली तोच स्वतंत्र खेळ होऊन आला. ही हकीकत मी घरी मुद्दाम सांगितलेली नाही. मी नोकरी सोडीन की काय, अशी घरच्यांना उगाच धास्ती.

मॉडवाल्यांनी केलेल्या कामांत मला सर्वांत जवळचे वाटते ते वेगळेच. खेळातून कंपनीने काढून टाकलेल्या बँका लोकांनी परत आणल्या. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, दिवसभर काम करून आलेल्या माणसाने रात्री बसून गल्ल्यामागे उभा राहणारा एक कारकून तयार केला. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी सांगितले नाही. आमच्या शाखेत मी लागलो तेव्हा सहा काउंटर होते. आता दोन आहेत आणि पासबुक यंत्र छापते. ते यंत्र बिघडले की लोक अजून माझ्याकडे येतात, तेव्हा मला वाईट वाटते असे म्हणवत नाही.

तर गेल्या दिवाळीच्या सुटीत भाच्याला हाताशी धरून मीही एक मॉड केला. व्हाइटरन गावात, बाजारापाशी, एक टेबल, एक वही, एक कारकून. भाच्याचे म्हणणे, त्याने गिऱ्हाईक आले की "लंच टाइम" म्हणावे. मी साफ नकार दिला. आमचा कारकून म्हणतो, "या, बसा. किती ठेवायचेत?" मोहरा मोजून घेतो, पावती देतो आणि रात्रीही बसून असतो, कारण त्याला घरी जायला लावायचे कसे ते आम्हा दोघांनाही जमले नाही.

सगळे झाल्यावर भाच्याने माणसाच्या माहितीचा तक्ता उघडला. त्यात एक चौकोन असतो, 'एसेन्शियल'. त्यात खूण केली तर ड्रॅगन आला तरी तो माणूस मरत नाही. गुडघ्यावर बसतो, थोडा दम खातो आणि पुन्हा उठतो. खूण नसेल तर एखाद्या दुपारी जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हा मान गोष्ट ज्यांच्यावाचून अडते अशा थोड्यांनाच असतो.

"मामा," भाचा म्हणाला, "हा तर साधा क्लार्क आहे. याला एसेन्शियल करायचं?"

मी माउस माझ्याकडे घेतला आणि खूण केली.