बी आधी, बोंडू नंतर : काजूची उलटी चाल

१/ उन्हाळ्यात चंदगडच्या डोंगरउतारांवर लाल-पिवळे बोंडू लटकतात आणि प्रत्येकाच्या टोकाला उघड्यावर एक बी असते. फळाच्या बाहेर बी कशी? या कोड्याचा इतिहास चारशे वर्षांहून जुना आहे.

२/ काजू मूळचा ब्राझीलचा. तुपी भाषेतील 'अकाजू' पोर्तुगीजांच्या तोंडी 'काजू' झाला आणि सोळाव्या शतकात त्यांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. क्रिस्तोव्हाँ द कोश्ता या वैद्याने कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन १५७८ मध्ये छापले.

३/ १७५३ मध्ये लिनिअसने काजूच्या प्रजातीला 'अ‍ॅनाकार्डियम' म्हटले. गंमत अशी की, औषधशास्त्रात हे नाव पूर्वी आपल्या बिब्ब्याचे होते! बिब्बा काजूच्याच कुळातला. त्याचीही बी मांसल देठावर बाहेरच बसते. पाहुणा परका, पण त्याची ठेवण सह्याद्रीच्या ओळखीची होती.

४/ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काजूचे खरे फळ म्हणजे ती टणक बीच. बोंडू हा फुगलेला देठ. फलधारणेनंतर आधी बी वाढते. ती पूर्ण आकाराला आल्यावरच देठ झपाट्याने फुगतो.

५/ मांसल भाग बीच्या मागे का चालतो? याचे उत्तर स्ट्रॉबेरीने दिले. १९५० मध्ये झाँ नीच यांनी कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे बारीक दाणे काढले. गराची वाढ थांबली. दाण्यांऐवजी ऑक्सिन हे संप्रेरक लावताच गर पुन्हा वाढला. हुकूम दाण्यांचा होता.

६/ बीच्या आतही क्रम ठरलेला असतो. आधी पेशी वाढतात, मग भ्रूणाची दोन दले प्रथिने आणि तेल साठवतात. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक साठवण घडवते आणि बीला अवेळी रुजू देत नाही. आपण खातो तो गर म्हणजे हीच दोन दले. त्यात सुमारे १८ टक्के प्रथिने असतात. ही शिदोरी असते उद्याच्या रोपासाठी.

७/ म्हणूनच मोहोरानंतरचे पहिले काही आठवडे निर्णायक. तेव्हा ढेकण्या किडीने कोवळी बी शोषली, तर ती करपून गळते आणि मागे बोंडूही उरत नाही. बागायतदाराचे वर्ष तिथेच ठरते.

८/ वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये उभे राहिले. 'वेंगुर्ला-१' ही जात १९७४ मध्ये आली. फेणीसाठी बोंडू आणि व्यापारासाठी गर, दोन्हींची सुरुवात मात्र त्या इवल्या भ्रूणापासूनच होते.